पाण्यातल्या तीन फेऱ्या

"ब्रेक कुठाय याला?" सगळ्यात आधी मी हेच विचारलं.

गाईडने मान हलवली आणि दोन्ही रिकामे तळवे मला दाखवले. अझलान त्याचं नाव. चाळिशीचा, उन्हाने रापलेला माणूस. माझा मुलगा धैर्यशील शेजारीच उभा होता. तो म्हणाला, जेट स्कीला ब्रेक नसतोच, आप्पा, ती पाण्यावर आपली आपण थांबते.

"आणि समोर कोण आलं तर?"

धैर्यशीलने ते इंग्रजीत विचारलं, तसं अझलानचं हसू गेलं. त्याने हँडलची उजवी पट्टी, म्हणजे गॅस, बोटाने दाबली, हँडल वळवलं, आणि एकच वाक्य तीन वेळा म्हणाला. धैर्यशीलने मला मराठीत सांगितलं. समोर काही आलं तर गॅस सोडायचा नाही, उलट गॅस द्यायचा आणि वळायचं. ही गाडी मागून पाणी फेकते आणि त्या पाण्याच्याच जोरावर वळते. गॅस सोडला की हँडल मेलं. मग ते कितीही पिळा, गाडी आपली सरळच जाणार.

मी म्हणालो, बरं बरं, कळलं. मनात म्हटलं, हा मला गाडी शिकवतोय.

तासगाव आगारात मी तेहतीस वर्षं एस.टी. चालवली आहे. इतक्या वर्षांत माझ्या गाडीने एका माणसाला खरचटलं नाही. ते काही माझ्या हुशारीने नाही, उजव्या पायामुळे. समोर माणूस दिसला, कुत्रं दिसलं, नुसता चेंडू रस्त्यावर आला, की तो पाय आपोआप उचलायचा. डोक्याला कळायच्या आत. रिटायर झाल्यावरही मी दुसऱ्याच्या गाडीत बसलो की माझा पाय उचलायचा आणि बायको हसायची.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. धैर्यशील तेव्हा मलेशियात नोकरीला होता आणि त्याने आम्हा दोघांना लंकावी बेटावर सहलीला नेलं होतं. तिथे जेट स्की भाड्याने देतात, म्हणजे पाण्यावरची मोटारसायकलच. पुढे गाईड, मागे आपण, आणि आजूबाजूची लहान बेटं फिरून परत. धैर्यशील म्हणाला, आप्पा, तुम्ही चालवाल? मला आणखी काय हवं होतं.

शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, यायचं नव्हतं. लाईफ जॅकेट साडीवर बसेना म्हणून सुनेने, ऋतुजाने, तिला आपला पंजाबी ड्रेस घातला होता. छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा. ती धक्क्यावरच्या बाकावर ओढणी सावरत बसली होती आणि मी सकाळपासून तिची थट्टा करत होतो. ती म्हणाली, मी हितंच बसते, तुमची पाकिटं सांभाळते. मी म्हणालो, बस मग. इतक्या लांब बाकावर बसायला आलीस ना, बस.

माझा तो आवाज तिला ठाऊक होता. ती उठली.

मी चिडका माणूस आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. घरात माझा शब्द शेवटचा असायचा. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी तिच्यावर हातही उचलला होता. आमच्याकडे तेव्हा त्याचं कुणाला विशेष वाटत नसे, मला तर नाहीच. धैर्यशील कळता झाल्यावर ते बंद झालं. बंद झालं म्हणजे मिटलं, असं मी धरून चाललो होतो.

अझलान म्हणत होता की मी त्याच्या लगेच मागे राहावं. मला असं कुणी मधे घालून नेलेलं आवडत नाही. मी म्हणालो, पोरं मधे राहू देत, मी शेवटी येतो. त्याने पीळदार तारेची एक दोरी माझ्या मनगटाला अडकवली. तिचं दुसरं टोक गाडीत खोचलेलं होतं. ड्रायव्हर पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद होतं. ही सोय मला आवडली.

निघताना मी शालनला म्हणालो, आज तू कंडक्टर. थांबायचं असलं तर पाठीवर एक टोला, चालायचं असलं तर दोन. तिने हसून दोन टोले दिले आणि मी गाडी सोडली.

सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं फार छान गेली, हे मला कबूल केलं पाहिजे. पाणी हिरवं होतं आणि दोन्ही बाजूंना झाडांनी भरलेले उंच कातळ पाण्यातून सरळ वर आलेले होते. ना खड्डा, ना स्पीडब्रेकर, ना हात दाखवणारा प्रवासी. मी शालनला ओरडून सांगितलं की असा रस्ता आपल्याकडे असता तर मी रिटायरच झालो नसतो. तिचे हात माझ्या पोटावर इतके घट्ट होते की मला श्वास घेताना ते जाणवत होते.

मग ती सुरू झाली. हळू घ्या. जरा हळू घ्या की. मी थोडा वेग कमी केला. तशा पुढच्या दोन्ही गाड्या लांब गेल्या. मी पुन्हा वेग वाढवला, तशी ती पुन्हा म्हणाली, "हळू घ्या की वो. कोण वाट बघतंय तुमची तिकडं?"

दोन बेटांमधली एक अरुंद वाट आली. अझलान आणि त्याच्या मागे पोरं डाव्या हाताच्या कातळाला वळसा घालून दिसेनाशी झाली. मागे राहिलो याचा मला राग आला. माझी गाडी कधी लेट नसे. मी "गप बस जरा" म्हणालो. त्यावर तिने माझ्या पाठीत एक टोला मारला.

एकच मारला. मला तो नीट समजला. तरी मी पट्टी पूर्ण दाबली. थोडं तिला घाबरवायचं, थोडं गप्प करायचं. गाडीत मागे कुणी फार कटकट करायला लागलं की मी असा एक हिसका द्यायचो आणि मग सगळी गाडी गप्प व्हायची.

गाडीने पुढे झेप घेतली आणि माझ्या पोटावरचे हात गेले.

मागचं वजन कमी झालेलं ड्रायव्हरला लगेच कळतं. मी गॅस सोडला, मान वळवली. शालन साठ-सत्तर फूट मागे पाण्यात होती. नारिंगी जॅकेटमधून नुसतं डोकं वर होतं आणि ती दोन्ही हात हलवून ओरडत होती. "अवं! अवं!" तिने मला जन्मात नावाने हाक मारलेली नाही, तिथेही मारली नाही.

शालन जतकडची. तिच्या माहेरी प्यायचं पाणी लांबून आणावं लागायचं, पोहायचं कुठे? गुडघ्याएवढ्या पाण्याच्या वर ती कधी गेली नव्हती. जॅकेट तिला तरंगवत होतं, पण तोंडावर लाट आली की ती तोंड मिटायची नाही, उघडायची. आणि पाणी स्थिर नव्हतं. त्या अरुंद वाटेतून ते ओढीने चाललं होतं आणि ती हळूहळू उजव्या कातळाकडे सरकत होती. कातळाच्या बुडाशी शिंपल्यांचे धारदार थर होते आणि लाटा त्यांच्यावर फुटत होत्या.

मी घाबरलो नाही, अजून तरी नाही. म्हटलं, गाडी वळवायची, तिच्याजवळ लावायची, हात द्यायचा. प्लॅटफॉर्मला गाडी लावण्यात माझं सगळं आयुष्य गेलेलं होतं. मी मोठा वळसा घेऊन सरळ तिच्याकडे निघालो. जवळ येताना गॅस सोडायचा, हँडल थोडं उजवीकडे घ्यायचं आणि अलगद तिच्या शेजारी थांबायचं. मी गॅस सोडला. हँडल उजवीकडे घेतलं. गाडी सरळ गेली.

मी हँडल पार शेवटपर्यंत पिळलं. काही झालं नाही. शालनचं तोंड समोरून येताना दिसलं, डोळे विस्फारलेले. कशी कोण जाणे, गाडी तिच्या हातभर अंतरावरून निघून गेली. आमच्याच लाटेखाली तिचं डोकं दिसेनासं झालं आणि खोकत वर आलं.

मी ओरडलो, "आलो, आलो, थांब तिथंच!" थांब काय थांब, ती जाणार तरी कुठे होती.

तेव्हा मला अझलानचं वाक्य आठवलं. आठवलं म्हणजे शब्दन् शब्द आठवलं. गॅस द्यायचा आणि वळायचं. ठीक आहे, म्हटलं. आता हळू जायचं, अगदी बैलगाडीच्या चालीने, आणि वळताना थोडा गॅस द्यायचा. मी दुसऱ्यांदा निघालो. पण हळू गेलं की ओढीने गाडीचं नाक दुसरीकडेच फिरायचं. मी ते सरळ करायला थोडा गॅस दिला, आणि गाडी एकदम तिच्या अंगावर निघाली. समोर माणूस. माझं बोट पट्टीवरून उचललं गेलं. मी उचललं नाही, ते उचललं गेलं. हँडल मेलं आणि गाडी घसरत तिच्यावर गेली. तिने दोन्ही हात पुढे केले. गाडीच्या नाकाचा कोपरा तिच्या डाव्या खांद्यावर बसला. तो आवाज मी ऐकला.

ती ओरडली नाही. एकदा खांद्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहत राहिली. मी वाकून हात दिला, पण तोवर गाडी मला पुढे घेऊन गेली होती.

आता मात्र मी घाबरलो. मी कातळाच्या वळणाकडे पाहून धैर्यशीलला हाका मारल्या. तिकडे कुणी नव्हतं. शालन कातळापासून पन्नास फुटांवर आली होती, कदाचित कमी. तासगावच्या गणपतीला मी काय काय कबूल केलं ते मला आज सांगता येणार नाही. माझा स्वतःच्याच बोटावर राग होता. एवढंसं बोट. माणूस समोर असताना ते दाबलेलं ठेवायचं, बस, एवढंच करायचं होतं. तेहतीस वर्षं ज्याने मला वाचवलं तेच आता माझं ऐकत नव्हतं.

तिसऱ्यांदा मी तिच्याकडे वळलो तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती हात हलवत नव्हती, ओरडत नव्हती, बाजूला व्हायचीही धडपड करत नव्हती. उजवा हात पाण्यात सोडून ती नुसती तरंगत होती आणि मी येतोय ते पाहत होती. मला वाटलं, संपलं. ती दमली, आता जाणार. मी पट्टी दाबली. पन्नास फूट, चाळीस, तीस. मी मोठ्याने स्वतःलाच म्हणत होतो, सोडू नको, हिंदुराव, सोडू नको, वळव. आणि वीस फुटांवर बोट सुटलं.

मग मी ड्रायव्हरने कधी करू नये ते केलं. चालत्या गाडीतून उडी मारली.

मनगटाची दोरी निसटली, इंजिन बंद पडलं, आणि माझ्या उडीच्या धक्क्याने म्हणा की देवाच्या दयेने म्हणा, गाडी कलंडून तिच्या डावीकडून निघून गेली. विहिरीत पोहायला मी लहानपणी शिकलेलो. जॅकेटमुळे धड पोहता येत नव्हतं, तरी मी तिच्यापर्यंत पोचलो. तिची हनुवटी वर धरली, पाठीमागून छातीशी धरलं आणि दोन्ही पायांनी पाणी मारत कातळापासून लांब जायला लागलो. जेवढं लांब जात होतो तेवढं पाणी आम्हाला परत आणत होतं. पण निदान ते पुढे तरी नेत नव्हतं.

मी सारखा बोलत होतो. धैर्या येईल बघ. आता येतीलच. तुझा खांदा दुखतोय का? तोंड मीट, लाट आली. मी म्हणालो, धर मला, मान धर. तिने धरली नाही. मी तिचा हात उचलून माझ्या खांद्यावर ठेवला, तर तो घसरून पुन्हा पाण्यात गेला. हातात त्राण उरलं नसेल असं मला वाटलं.

किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. धैर्यशील नंतर म्हणाला की दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील. माझ्या पायांत गोळे आले होते आणि पाठ एकदा शिंपल्यांवर घासून निघाली होती, तेव्हा अझलान वळणावरून येताना दिसला. तो सरळ आमच्यावर येत होता, वेगात. शेवटच्या क्षणी त्याने गॅस दिला, गाडी गर्रकन वळली आणि आमच्या शेजारी अगदी हाताशी येऊन थांबली. इतकं सोपं होतं ते. मी पाण्यात रडलो.

त्याने शालनला वर ओढून घेतलं. तिने त्याच्या कमरेला एका हाताने अशी मिठी मारली की त्याला हँडल धरता येईना. मला धैर्यशीलने घेतलं. माझी पाठ सोलून निघाली होती, पण मला तिच्याखेरीज काही दिसत नव्हतं.

दवाखान्यात तिचा खांदा बसवला, छातीत पाणी गेलं होतं म्हणून एक दिवस ठेवून घेतलं. तिथे अझलान येऊन धैर्यशीलला पुन्हा पुन्हा सांगत होता की मी तीन वेळा बजावलं होतं. मी म्हणालो, सांग त्याला, त्याची काही चूक नाही, बजावलं होतं त्याने. ऋतुजा मला म्हणाली, "आप्पा, तुम्ही उडी मारली म्हणून आई वाचल्या." धैर्यशीलही तेच म्हणाला. एवढे दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलणाऱ्या पोराने माझ्या पायाला हात लावला. दोन दिवस मी त्यावर जगलो. चूक झाली खरी, पण शेवटी मी जिवावर उदार होऊन बायकोला वाचवलं, असं ते मनात नीट बसत चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरं तिकिटांचं बघायला खाली गेली होती. आम्ही दोघं हॉटेलच्या खोलीच्या बाल्कनीत. शालनचा हात गळ्यात बांधलेला. मी किटलीत पाणी उकळून चहा केला. मी आयुष्यात केलेला बहुतेक तो पहिला चहा. तिच्या उजव्या हातात कप दिला आणि समोर बसलो. ती समुद्राकडे पाहत होती. दवाखान्यापासून ती हो-नाही एवढंच बोलत होती, तेही पोरांशी.

"एक इचारू?" ती म्हणाली.

"विचार की."

"तुम्ही मला माराय आलता का तिथं?"

मला वाटलं, थट्टा करते. तिच्या तोंडाकडे पाहिलं. राग नव्हता, रडू नव्हतं. बाजाराची पिशवी कुठे ठेवली असं विचारावं तशा आवाजात तिने ते विचारलं होतं.

"पयल्यांदा वाटलं, चुकलं असंल," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा खांद्यावर घातली तवा कळलं. मग म्हटलं, असू दे. कशाला उगं हात हलवून दमायचं."

छत्तीस वर्षांचा संसार. तिला ते अशक्य वाटलं नव्हतं. पाण्यात पडल्यावर, नाकातोंडात पाणी जात असताना, तिला हेच सुचलं होतं आणि खरंही वाटलं होतं. बाजूला होण्याचीसुद्धा तिने तसदी घेतली नव्हती. मी दमलेला हात समजलो होतो, तो दमलेला नव्हता.

मग मी तिला समजावून सांगितलं. चहाचा ट्रे समोर ओढला, माझा रिकामा कप उलटा करून त्याची जेट स्की केली, बशीला शालन केलं. मागून पाणी फेकतं म्हणून वळते. गॅस सोडला की वळत नाही. समोर माणूस असला की माझं बोट आपोआप सुटतं, तू समोर होतीस म्हणूनच ते सुटलं. तू नसतीस तर सुटलं नसतं. हे मी तिला तीन-चार प्रकारे सांगितलं. बोलता बोलता माझा आवाज चढला, तेव्हा ती थोडी मागे सरकली. मी आवाज खाली आणला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पाठीतल्या टोल्याचंही सांगितलं, तो मला कळला होता आणि तरी मी हिसका दिला, हेही. माझे डोळे वाहत होते.

तिने सगळं ऐकून घेतलं. चहा संपवून कप खाली ठेवला.

"असंल," ती म्हणाली.

त्यानंतर मी तिला कितीतरी वेळा सांगितलं. धैर्यशीलला फोनवर सांगायला लावलं. जेट स्की कशी वळते याचा एक व्हिडिओ त्याने पाठवला, तो तिला बसवून दाखवला. "नाही" असं ती कधीच म्हणाली नाही. दर वेळी ऐकून घेते आणि "असंल" म्हणते. मी त्या दिवसापासून तिच्यावर आवाज चढवलेला नाही. तिनेही मला कधी वाकडा शब्द ऐकवलेला नाही. आमचं बरं चाललंय, गल्लीतले लोक तर आमचं उदाहरण देतात.

एवढंच की मी संध्याकाळी बाजारातून स्कूटर घेऊन येतो तेव्हा ती बहुधा अंगणात भाजी निवडत बसलेली असते. गाडी फाटकातून आत वळली की ती ताट उचलून पायरी चढते आणि दाराच्या आत जाऊन उभी राहते. घाईने नाही, सावकाश. मी इंजिन बंद केलं की बाहेर येते आणि माझ्या हातातली पिशवी घेते. हे माझ्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली. आता मी गाडी बाहेर रस्त्यावरच बंद करतो आणि ढकलत आत आणतो.